मरीनर्सचा २०२५ चा सीझन 'भारी' झाला म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे

रेंटनकर
इथे सिएटलला मंडळाच्या ग्रुपवर, ऑफिसात, पॉटलकला, जिथे जावं तिथे महिनाभर एकच ऐकतोय, "काय सीझन झाला ना यंदा!" झाला ना. पण मला विचाराल तर हा हातातोंडाशी आलेला घास होता आणि तो आपल्याच माणसाने पाडला, त्याला भारी कसलं म्हणता.

ज्यांना बेसबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी. मेजर लीगमध्ये ३० टीम आहेत, त्यातल्या २९ कधी ना कधी वर्ल्ड सिरीज म्हणजे फायनल खेळल्यात. राहिली एक, ती आमची सिएटल मरीनर्स, १९७७ पासून. यंदा ९० मॅच जिंकलो, २००१ नंतर पहिल्यांदा डिव्हिजन म्हणजे आपला गट जिंकला, आमच्या कॅल रॅलीने ६० होमरन (आपल्या सिक्ससारखे) मारले आणि तो कॅचर म्हणजे विकेटकीपर आहे हो, रोज तीन तास उकिडवा बसणारा माणूस, याआधी कुठल्या कॅचरने पन्नासपण मारले नव्हते. मग सेमीफायनल टोरोंटोशी, सात मॅचची, आणि सातव्या मॅचच्या नऊपैकी सातव्या इनिंगमध्ये आम्ही ३-१ ने पुढे. आठ आऊट हवे होते फक्त.

तारीख २० ऑक्टोबर, म्हणजे इथलं लक्ष्मीपूजन. बायको पाट मांडतेय, मी झब्बा घालून एक डोळा टीव्हीवर, हातात चकली. आमचा पिचर (म्हणजे बॉलर) ब्रायन वूने एक वॉक दिला म्हणजे फुकट बेस, मग एक सिंगल, मग त्यांनी बंट करून दोघांना पुढे सरकवलं. सेकंड आणि थर्ड बेसवर त्यांची माणसं, एक आऊट, समोर जॉर्ज स्प्रिंगर. बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचर बसतात तिथे, आंद्रेस मुन्योस, आमचा क्लोजर म्हणजे शेवटी येऊन मॅच संपवणारा, वर्षभरात ३८ सेव्ह, म्हणजे आघाडी राखून संपवलेल्या मॅच. आणि मॅनेजर डॅन विल्सनने आणला कोणाला तर एदुआर्द बझार्दोला. स्प्रिंगरने तीन रनांचा होमरन ठोकला, ४-३, खेळ खल्लास. चकलीचा हातातच चुरा झाला, तो नंतर सोफ्याच्या फटीतून काढत बसलो.

आता कोणी म्हणेल बझार्दोचा सिंकर (खाली बुडणारा बॉल) चांगला आहे, ग्राउंडबॉल म्हणजे जमिनीवरून जाणारा फटका मिळाला असता. अरे पण थर्डवर माणूस असताना ग्राउंडबॉलवरसुद्धा एक रन जाऊ शकते! तिथे बॅटला बॉलच लागू न देणारा माणूस लागतो, आणि तो बसून होता.

जास्त लागलं ते यासाठी की डॅन माझ्या लहानपणीचा कॅचर. आम्ही डोंबिवलीहून आलो १९९१ ला, मी आठ वर्षांचा, शाळेत माझं इंग्रजी ऐकून पोरं हसायची. १९९५ ला आमच्या एडगर मार्टिनेझने तो डबल (दोन बेसचा फटका) मारून न्यूयॉर्कच्या यांकीजना घरी पाठवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा वर्गात सगळ्यांबरोबर ओरडलो. त्या टीममध्ये डॅन होता. त्याच्याबद्दल असं लिहावं लागतंय याचाच राग आहे.

कोथरूडचा_काका
मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पुतण्यामुळे हायलाइट्स बघतो तेवढंच. पण हे ऐकल्यासारखं वाटतंय रे. २००७, टी-ट्वेंटी फायनल, शेवटची ओव्हर, १३ हवेत, समोर मिसबाह, हरभजनची एक ओव्हर शिल्लक आणि धोनीने बॉल दिला जोगिंदर शर्माला. मिसबाहने तो स्कूप उडवला, श्रीशांतने पकडला म्हणून धोनी कॅप्टन कूल झाला. तोच स्कूप पाच फूट मागे गेला असता तर आपण धोनीला काय काय बोललो असतो? निर्णय तोच, कॅच पकडला की अक्कल आणि सुटला की येडेपणा. तुझ्या डॅनवर हाच अन्याय होतोय.

रेंटनकर
काका उदाहरण भारी आहे पण बसत नाही. हरभजनला त्या दिवशी मिसबाहने एकाच ओव्हरमध्ये तीन सिक्स हाणलेले, तो हिशोबातून गेलेलाच होता. इथे मुन्योसला कोणी हातपण लावला नव्हता, तो उतरलाच नव्हता! हे म्हणजे बुमराहची ओव्हर एकोणिसाव्यासाठी राखून ठेवायची आणि मॅच सतराव्यातच घालवायची. राखून ठेवायचं कशासाठी, पुढच्या दिवाळीला?

बेलव्ह्यूची_ताई
तुमचं दुःख कळतं हो, पण एका इनिंगवर सगळा सीझन तोलायचा म्हणजे मोदक फुटला म्हणून गणपतीच नाही आले म्हणण्यासारखं आहे.

मी १० ऑक्टोबरला टी-मोबाइल पार्कमध्ये, आपल्या मैदानावर होते, टोरोंटोच्या आधीच्या फेरीतली डेट्रॉइटविरुद्धची पाचवी मॅच, १५ इनिंग. माझा सात वर्षांचा मुलगा बाराव्या इनिंगला माझ्या जॅकेटमध्ये शिरून झोपला, गालाला मोहरी लागलेली, बाजूच्या रुळांवरून मालगाडी भोंगा वाजवत जातेय, आणि आमच्या मागे बसलेले एक आजोबा डोळे मिटून पुटपुटत होते, बहुतेक प्रार्थना. होर्हे पोलांकोने सिंगल मारला आणि ३-२. पोरगा दचकून उठला आणि विचारतो, "हम्पी परत जिंकला का?" (हम्पी म्हणजे मैदानावर मधल्या वेळात मॅस्कॉटची शर्यत असते त्यातला सामन मासा, कायम हरणारा, त्या रात्री पहिल्यांदा जिंकला होता.) मला सांगा, हे सगळं बझार्दोच्या एका बॉलने पुसायचं?

आणि दोष द्यायचाच तर टोरोंटोच्या सहाव्या मॅचला द्या. फील्डिंगच्या तीन चुका, तीन इनिंग सलग डबल प्ले म्हणजे एका बॉलवर दोन आऊट, त्यात तिन्ही बेसवर आपली माणसं असतानासुद्धा! टोरोंटोत पहिल्या दोन जिंकून आलो आणि घरी १३-४ आणि ८-२ ने मार खाल्ला. तेव्हा मुन्योस काय करणार होता? सातव्या मॅचपर्यंत गोष्ट जाऊच द्यायला नको होती. डॅन नंतर म्हणाला की बझार्दोने वर्षभर अशा अडचणींतून बाहेर काढलंय, ते खोटं नाहीये.

जर्सीतला_नाना
यांकीज फॅन बोलतोय, शिव्या आधीच स्वीकारतो. तुम्ही लोक २००१ मध्ये ११६ मॅच जिंकून आमच्याकडून १-४ ने हरलात. हरायची तुमची परंपरा आहे, त्यात बझार्दो बिचारा मध्येच सापडला. आणि एमव्हीपी, म्हणजे वर्षाचा सर्वोत्तम खेळाडूपण आमचा अ‍ॅरन जजच.

रेंटनकर
नाना, यंदा तुम्हाला टोरोंटोने आमच्याआधीच १-३ ने घरी पाठवलं, विसरलात वाटतं. आणि जजला पहिल्या क्रमांकाची मतं १७, कॅलला १३. कॅचरच्या गुडघ्यांना एक मत धरा, मग बघू.

ताई, सहाव्या मॅचचं पटलं. ते डबल प्ले मी परत बघितलेलेच नाहीत, हिंमत होत नाही. पण एक सांगा, डेट्रॉइटच्या मॅचला तुम्ही होतात ती रात्र मलापण प्रिय आहे, बाबांना फोन लावला होता आणि ते पंच्याहत्तरीत असून जागे होते. अजूनही ते कागदावर पेन्सिलने स्कोअर लिहितात, रेडिओ ऐकून शिकलेले, कॉमेंटेटर डेव्ह नीहाउस ओरडायचा "माय ओ माय" आणि आमचे बाबा बोइंगची शिफ्ट करून आलेले, गाडीतच बसून राहायचे इनिंग संपेपर्यंत. सातव्या मॅचचा कागद मी बघितला. स्प्रिंगरच्या चौकोनात त्यांनी काहीच लिहिलं नाहीये. विचारलं तर म्हणाले पेन्सिलचं टोक मोडलं.

वडापाव_इन_केंट
११६ वरून आठवलं. २०२३ चा आपला वर्ल्ड कप, सलग दहा जिंकलो आणि अहमदाबादला फायनल गेली. ती टीम भारी नव्हती असं कोणी म्हणतं का? पण "काय वर्ल्ड कप झाला ना" असंही कोणी पेढे वाटत म्हणत नाही. दोन्ही खरं असू शकतं. मी रेंटनकरच्या बाजूने अर्धा.

मिसिसागाची_माई
टोरोंटोकडून लिहितेय, मारू नका. त्या रात्री आमच्या गल्लीत फटाके वाजत होते आणि निम्मे दिवाळीचे, निम्मे स्प्रिंगरचे, कुठला कुठला कळत नव्हतं. लक्ष्मी स्प्रिंगरच्या रूपाने आली म्हणून आमच्या ह्यांनी टीव्हीलाच हळदकुंकू लावलं.

दोन गोष्टी. पाचव्या मॅचला सिएटलमध्ये त्याच स्प्रिंगरच्या गुडघ्यावर बॉल बसला, तो लंगडत बाहेर गेला तेव्हा तुमच्या काही लोकांनी हुर्यो केली. मला ते ऐकून वाईट वाटलेलं. तीन दिवसांनी तो त्याच गुडघ्यावर उभा राहिला. तुम्ही नुसतं बझार्दो बझार्दो करताय, समोरचा माणूस काय दर्जाचा होता हेपण लिहा की. मुन्योसला तो मारूच शकला नसता हे कुठे लिहून ठेवलंय?

दुसरं. तुमचा शेवटचा आऊट काढला आमच्या क्लोजर जेफ हॉफमनने, तुमच्या हुलिओ रॉड्रिगेझला स्ट्राइकआऊट, कॅल नंतरच्या नंबरला वाट बघत उभा. बरोबर ना? मग १ नोव्हेंबरला वर्ल्ड सिरीजची डॉजर्सविरुद्ध सातवी मॅच, आम्ही नवव्या इनिंगमध्ये ४-३ ने पुढे, दोन आऊट बाकी, बॉल त्याच हॉफमनच्या हातात. त्यांच्या मिगेल रोहासने होमरन मारला. अकराव्यात हरलो. तुम्ही आठ आऊट लांब होतात, आम्ही दोन. आणि आमच्याकडे तर क्लोजरच टाकत होता हो. मग आता आम्ही कोणाच्या नावाने बोटं मोडायची?

रेंटनकर
माई... याला उत्तर नाहीये माझ्याकडे. त्या रात्री मी तुमच्या टीमच्या बाजूने नव्हतो हे कबूल करतो, रोहासने मारला तेव्हा उठून टाळी वाजवली, आणि मग मैदानावर खाली बसलेला तुमचा एक पोरगा दाखवला तेव्हा टीव्ही बंद केला. हुर्यो करणाऱ्यांत मी नव्हतो पण ऐकू घरापर्यंत आली होती.

स्प्रिंगर दर्जेदार आहे, मान्य. ह्युस्टनमध्ये होता तेव्हापासून आमच्या डोक्यात जातो, तेपण त्याच्या दर्जाचंच लक्षण.

पण मुन्योसच हवा होता. मारला असता तर मारला असता, निदान आपल्या सगळ्यात चांगल्या माणसाला मारला असता.

बेलव्ह्यूची_ताई
हेका काही सोडत नाही हा माणूस. आपल्या फर्स्ट बेसमन जॉश नेलरला पाच वर्षांसाठी ठेवून घेतलाय, तेवढं तरी गोड मानून घ्या.

रेंटनकर
घेतलं. त्याबद्दल एकही वाईट शब्द नाही.

कोथरूडचा_काका
ते सगळं ठीक. मार्चअखेर चालू होतं ना परत? इथे किती वाजता दिसणार?

रेंटनकर
काका, इथल्या संध्याकाळच्या मॅच पावणेसातच्या सुमारास असतात, म्हणजे तुमच्याकडे सकाळी सव्वासात.

कोथरूडचा_काका
म्हणजे दूध आणून झाल्यावर. जमेल. आधी ते बंट काय असतं तेवढं सांग.