बारावीनंतर पायलट व्हायचंय, एसपीएल पीपीएल सीपीएल म्हणजे नक्की काय?

धाकटा भाऊ बारावी सायन्सला आहे, पायलटचं खूळ डोक्यात बसलंय. नेटवर बघितलं तर नुसती आद्याक्षरं. क्रम कुणी सांगेल का? आणि थेट सीपीएल करता येतं का?

कोकणी_माणूस
एसपीएल म्हणजे स्टुडंट पायलट लायसन्स, शिकाऊ परवाना, १६ वर्षं पूर्ण लागतात. पीपीएल म्हणजे प्रायव्हेट पायलट लायसन्स, वयाच्या १७ ला, त्यावर विमान उडवता येतं पण पैसे घेऊन नाही. पगार हवा तर सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्स, वय १८ आणि २०० तास उड्डाण, त्यातले १०० तास पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी आपल्यावर. पीपीएल न घेता थेट सीपीएल करणारे भरपूर आहेत, एसपीएल मात्र चुकत नाही.

ढगात_पाय
वरचं बरोबर, पण आधी मेडिकल करा बाबांनो! क्लास २ आणि मग त्याहून कडक क्लास १ तपासणी, लाखो रुपये भरल्यावर डोळ्यांचं काहीतरी निघालं तर काय करणार. चष्मा चालतो हं, नंबर सुधारून नीट दिसलं पाहिजे, रंग ओळखण्यात घोळ असेल तर अवघड. आणि डीजीसीएचे (विमान वाहतुकीवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था) पेपर, नॅव्हिगेशन, मिटिऑरॉलॉजी (हवामान), रेग्युलेशन्स वगैरे, पासिंग ७० टक्के. आमच्या बॅचला विमान कमी पोरं जास्त, त्यात पावसाळा, २०० तासांना दोन वर्षं गेली. म्हणून ॲडमिशनआधी चालू स्थितीतली विमानं किती ते विचारा.

प्रश्नकर्ता
मग सीपीएल झालं की कॅप्टन?

कोकणी_माणूस
नाही हो, आधी टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक प्रकारचं विमान उडवायची पात्रता, मग फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक. एटीपीएलला, म्हणजे एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्सला, १५०० तास लागतात, कॅप्टन त्यानंतर.