२०११ ची स्विफ्ट डिझेल, थंड इंजिनला खळखळ आवाज. घ्यावी का?

करवीर०९

नमस्कार मंडळी. मार्च २०११ च्या पासिंगची स्विफ्ट व्हीडीआय बघून ठेवली आहे. दुसरा मालक, मीटरवर १ लाख ३८ हजार किलोमीटर, मागणी १ लाख ७० हजार. गाडी पहिल्यापासून एमएच-०९, म्हणजे कोल्हापूरची, आणि दोन्ही मालक इथल्या नागाळा पार्कातले. रंग, सीट कव्हर सगळं चकाचक. सकाळी पहिल्यांदा सुरू केली की इंजिनच्या एका बाजूनं चार-पाच सेकंद खळखळ येते, मग थांबते. मालक म्हणतो, डिझेल गाडीत एवढं असतंच. माझा वापर शहरात, कधी सांगली, आणि अधूनमधून गगनबावड्यावरून तळकोकण. महिन्याला ५०० किलोमीटरच्या आसपास. आरसीची मुदतही संपत आली आहे. नेमकं काय काय तपासू?

उद्यमनगर_फिटर

दादा, आधी आवाजाचं बघू, कारण पैसा तिथंच अडकणार आहे. या गाडीत फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन आहे. वाल्व आणि पिस्टनचा मेळ राखायला त्याला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, आणि चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभर उभ्या गाडीत टेन्शनरमधलं ऑइल उतरतं, त्यामुळं एखादा सेकंद आवाज आला तर मी धरत नाही. चार-पाच सेकंद म्हणजे जास्त झालं. एक तर चेन लांबली आहे, नाहीतर टेन्शनर आणि चेनला वाटेवर ठेवणारे गाइड झिजलेत, नाहीतर ऑइलचा दाबच उशिरा चढतोय.

तिसरी शक्यता आधी तपासा, ती स्वस्तात उलगडते. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढून पातळी बघा. या इंजिनात ऑइल जेमतेम तीन-सव्वातीन लिटर मावतं. पातळी खालच्या खुणेवर असेल तर जवळपास लिटरभर, म्हणजे एक तृतीयांश ऑइल कमी आहे. तेवढ्याच ऑइलवर टर्बो, चेन, बेअरिंग सगळं चाललंय. ऑइल वेळेवर न बदललेल्या गाडीत चेन आधी मरते, ती याच कारणानं. कंपनीचा फिल्टर आणि मॅन्युअलमधल्या ग्रेडचं ऑइल घालून दुसऱ्या दिवशी सकाळी परत ऐका. तरीही आवाज असेल तर ऑइल प्रेशर स्विच काढून तिथं मेकॅनिकल गेज लावा आणि थंड व गरम दोन्ही वेळचा दाब बघा. दाब लगेच चढतोय आणि आवाज तसाच आहे, तर मग चेन किटच.

ऐकायला जाल तेव्हा आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर मालकानं तुम्ही यायच्या आत गाडी चालू करून ठेवली होती. त्या दिवशी माघारी फिरा, दुसऱ्या सकाळी जा. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक गियरबॉक्सच्या विरुद्ध बाजूच्या कव्हरला टेकवून दांडा कानाला लावा, आवाज तिथूनच येतोय का हे कळतं.

"चालतंय तोवर चालवू" हे या दुखण्यात चालत नाही. चेननं दात सोडला की वाल्व पिस्टनला भिडतात, रॉकर आर्म तुटतात, मग इंजिनचं हेड उतरवण्यावाचून गत नाही.

पूररेषा

आवाजाआधी पूर तपासा राव! नागाळा पार्कातली २०११ ची गाडी ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ हे दोन्ही पूर बघून आलेली आहे. त्या दिवसांत ती कुठं उभी होती, एवढा एकच प्रश्न मालकाला आणि शेजाऱ्याला वेगवेगळा विचारा.

मग गाडीत बसा. चारही सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. धुलाईवाला बेल्टचा बाहेरचा भाग धुतो, गुंडाळीतल्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर पाण्याची रेषा राहते. पुढच्या सीटचे चार बोल्ट बघा. डोक्यावर पान्याचे ताजे ओरखडे आणि रुळावर तांबडा गंज असेल तर गालिचा सुकवायला सीट काढल्या होत्या. ड्रायव्हरच्या डाव्या पायाखालचा गालिचा उचलून खालचा फोम दाबा. स्टेपनीच्या खड्ड्यात पत्र्याच्या जोडात बोट फिरवा, बारीक वाळलेला गाळ पावडरसारखा बोटाला लागतो. डॅशबोर्डखाली स्कॅनर लावायचं सॉकेट आहे, त्याच्या पिना टॉर्च मारून बघा. हिरवट असतील तर विषय संपला.

पाणी कुठवर चढलं यावर सगळं ठरतं. गाडीच्या दाराच्या उंबऱ्यापर्यंतच आलं असेल तर गालिचा, व्हील बेअरिंग आणि ब्रेकवर भागतं, भाव पाडून गाडी घेता येते. सीटच्या बैठकीपर्यंत गेलं असेल तर वायरिंगचे जोड आज ना उद्या कुजणार. एकदा सेंट्रल लॉक जाईल, एकदा ब्लोअर, एकदा सेन्सरचा दिवा लागेल, आणि प्रत्येक वेळी दोष दुसरीकडं दिसेल. डॅशबोर्डला पाणी लागलेली गाडी फुकट दिली तरी घेऊ नका.

अजून एक. पाण्यात उभी असताना कुणी स्टार्टर मारला असेल तर सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन नंतर चालतं, पण तो पिस्टन पूर्ण वर पोचत नाही आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा दाब, इतरांपेक्षा कमी येतं. म्हणून डिझेलच्या गेजवर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन काढून घ्या. पेट्रोलचं गेज चालत नाही, डिझेलचा दाब त्याच्या मर्यादेबाहेर जातो. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती ते बघा. एकच सिलिंडर १५ टक्क्यांहून खाली असेल तर थांबा.

२०१९ ते २०२२ च्या विमा पॉलिसी मागा. त्या काळात नो क्लेम बोनस एकदम शून्यावर आला असेल तर दावा कशाचा होता ते विमा कंपनीकडून कळतं.

घाटवाट

वरचं सगळं पटतं, पण रोडटेस्ट शहरात घेऊ नका. रंकाळ्याला चक्कर मारून काही कळत नाही. वाघबीळचा चढ घ्या, तिथं गाडी खरं बोलते.

सपाटीवर चौथ्या गियरला ४० च्या वेगात असताना एकदम ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनचे फेरे वाढले आणि गाडी मागंच राहिली तर क्लच प्लेट संपली आहे. चढावर तिसऱ्यात पूर्ण ओढा. काळा धूर सतत निघाला तर इंजेक्टर, ईजीआर वाल्व (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) किंवा इंटरकूलरचा फाटलेला पाइप. निळा धूर निघाला तर ऑइल जळतंय, टर्बोचा सील नाहीतर पिस्टनच्या रिंगा. पाइप काढून टर्बोची दांडी बोटांत धरा. आडवी किंचित हलली तर चालेल, पुढं-मागं अजिबात हलायला नको.

इंजेक्टरची तपासणी सोपी आहे. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडा, गाडी दोन मिनिटं आयडलला चालवा. चारही बाटल्यांत डिझेल साधारण सारखं यायला पाहिजे. एखादी दुप्पट भरली तर तो इंजेक्टर झिजलाय. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर दिसला तर खालचा तांब्याचा वॉशर गळतोय. वॉशर किरकोळ रकमेचा, पण तसंच चालवलं तर इंजेक्टर आत असा चिकटतो की उपसताना हेडला इजा होते.

टेकडीवर पोचल्यावर गाडी चालूच ठेवून ऑइलचं झाकण उघडा. थोडी वाफ ठीक, भकाभका धूर येत असेल तर रिंगा गेल्यात. कूलंटच्या टाकीत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना कुणीही उघडू नये, उकळतं पाणी तोंडावर येतं.

आपल्या भागातली एक गोष्ट बाहेरचे मेकॅनिक विसरतात. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागं चालून पाल्याचा चुरा आणि धूळ एसीच्या कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत बसते. पुढून जाळी स्वच्छ दिसते आणि गगनबावड्याच्या चढाला तापमानाचा काटा वर जातो. गॅस्केट उकलण्याआधी ती फट आतून बाहेर, कमी दाबाच्या पाण्यानं धुवून बघा. पंखा लागतोय का आणि थर्मोस्टॅट उघडतोय का, हेही त्याच वेळी.

साधा_हिशेब

मी वेगळं विचारतो, महिना ५०० किलोमीटरला डिझेल कशाला? डिझेल ९१ रुपये आणि पेट्रोल १०५ धरा. ही स्विफ्ट २० देईल, जुनी पेट्रोल वॅगनआर १५. किलोमीटरला साडेचार विरुद्ध सात रुपये, म्हणजे वर्षाला वाचले १४-१५ हजार. चेनचं काम, एक इंजेक्टर आणि क्लच यांत पहिल्या दोन-तीन वर्षांची बचत आत्ताच गेली. १०६१ सीसीच्या वॅगनआरला टर्बो नाही, जास्त दाबाचा कॉमन रेल डिझेल पंप नाही, आणि कोणत्याही तालुक्याच्या गावात पार्ट मिळतो. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती मागायची, नसेल तर घेतल्याबरोबर बदलायचा. महिन्याला हजार-बाराशे किलोमीटर चालणार असेल तरच मी जुन्या डिझेलकडं बघेन.

कागदवाला

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, म्हणजे ही मार्च २०२६ ला संपते. नूतनीकरणाचा अर्ज फॉर्म २५ वर, मुदतीआधी ६० दिवसांत करता येतो. मोटारीची फी ५,००० रुपये, पर्यावरण कर वेगळा, आणि आरटीओत गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते. मिळते ती मुदत ५ वर्षांची. हे काम मालकाकडून करून घ्या, त्यानंतरच गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. मुदत संपलेली गाडी नावावर करताना अडकते आणि उशिराचा दंड तुमच्या डोक्यावर बसतो. आरसीवर कर्जाचा बोजा दिसत असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५. ई-चलन बाकी आहे का आणि एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरची पाटी लागलीय का, तेही पैसे देण्याआधी.

करवीर०९

मनापासून आभार. सीट बेल्ट, रूळ, स्टेपनीचा खड्डा कोरडे आणि स्वच्छ निघाले, सॉकेटही ठीक. कॉम्प्रेशन चौघांचं जवळपास सारखं. ऑइल मात्र खालच्या खुणेच्याही खाली होतं. नवं ऑइल-फिल्टर घालूनही सकाळचा आवाज तसाच, गेजवर दाब मात्र लगेच चढतो. पेट्रोलचा हिशेब पटतो, पण सांगलीच्या फेऱ्या पुढं वाढणार आहेत. मालक चेनच्या खर्चाएवढी किंमत कमी करायला तयार आहे. काम करायचं तर सोबत काय बदलू?

उद्यमनगर_फिटर

मग घ्यायला हरकत नाही, पण चेनचं काम होईपर्यंत घाट नको. फक्त चेन बदलून देणाऱ्याकडं जाऊ नका. पूर्ण किट लागतं: चेन, दोन्ही गाइड, टेन्शनर, स्प्रॉकेट. पुढचं कव्हर उघडतंय तर क्रँकचा पुढचा ऑइल सील, बाहेरचा बेल्ट आणि त्याचा टेन्शनर नवीन घाला. वॉटर पंप हातानं फिरवून बघा, घरघरला किंवा गळाल्याची खूण दिसली तर तोही. ऑइल पंप त्याच कव्हरमध्ये आहे, त्यातली झीज फीलर गेजनं मोजायला सांगा. ऑइल पॅन उतरला की आतली ऑइल गाळायची जाळी बघा. उशिरा ऑइल बदललेल्या गाडीत तिथं काळा गाळ आणि गाइडच्या प्लॅस्टिकचे तुकडे सापडतात, आणि ते तसेच राहिले तर नवी चेनही उपाशी मरते. पॅनला सीलंट लावताना आतल्या बाजूला जास्तीचं ओघळू देऊ नका, तेच सुटून जाळीत बसतं.

टायमिंग लॉक करायच्या पिना ज्याच्याकडं आहेत त्यालाच काम द्या. रंगाच्या खुणा मारून अंदाजानं बसवणारे आहेत, त्यांच्याकडं नको. काम झालं की पिना निघाल्याची खात्री करून पान्यानं क्रँक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवायला लावा. कुठं अडलं तर जोर न लावता परत उघडायचं. मग इंजेक्टरचे कनेक्टर काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत थोडा थोडा स्टार्टर मारायचा, आणि त्यानंतर गाडी सुरू करायची. पहिलं ऑइल हजार किलोमीटरला काढून टाका, पुढं दर ७,५०० ला. डिपस्टिक दर पंधरा दिवसांनी, गाडी सपाटीवर आणि थंड असताना.