आईसाठी डे केअर, पुण्यात कुणाचा अनुभव?

कोथरूडकर:
आईला डिमेन्शिया (विसरण्याचा आजार) आहे, वय ७८. आम्ही दोघं नोकरीला, दिवसभर बाई ठेवली पण आई तिला घरातच घेत नाही, आतून कडी लावते. डे केअरचं, म्हणजे दिवसभर ज्येष्ठांना सांभाळणाऱ्या सेंटरचं, नाव काढलं तर काका म्हणतात आईला टाकताय. काय करू?

रेवा:
टाकताय कसलं, संध्याकाळी घरीच येणार ना त्या! आमच्या सासूबाई जायच्या, आधी दोन तास मग हळूहळू वाढवलं, तिथे मेथीची जुडी निवडायला दिली की एकदम शांत व्हायच्या. आधी जाऊन बघा, बाथरूममध्ये धरायला दांडे आहेत का, गोळ्या कोण देतं, गाडी न्यायला येते का, आणि मुख्य म्हणजे डिमेन्शियाचे पेशंट घेतात का, बऱ्याच ठिकाणी फक्त चालते-फिरतेच घेतात.

बाळूदादा:
१४५६७ ला फोन कर, एल्डरलाइन, ज्येष्ठांसाठी सरकारी हेल्पलाइन आहे, फ्री. जवळचं सेंटर विचार. आणि दिवस मावळताना ह्या आजारात बेचैनी वाढते, तेव्हा शक्यतो त्याआधीच घरी आण.

रेवा:
हो, आणि कोथरूडकर दादा, सुट्टीच्या दिवशी आई सेंटरला असतील तेव्हा वहिनींनाही जरा झोपू द्या, काकांना म्हणावं एक रविवार तुम्ही सांभाळून बघा.