सड्यावरच्या कातळशिल्पांवर माहितीपट करायचाय, अनुभवींनी सांगावं

ओवरी:
नमस्कार. माझं माहेर राजापूर तालुक्यातलं, नोकरी पुण्यात. मी आणि मावसभाऊ मिळून अर्ध्या तासाचा माहितीपट करतोय. पैसे पदरचेच. कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या खडकाच्या सपाट पठारांवर, जुन्या काळी कोरलेली चित्रं म्हणजे ही कातळशिल्पं. कशेळीचा कोरलेला हत्ती, उक्षी, देवीहसोळ, बारसू या जागा आणि त्यांच्याभोवतीची माणसं, असा विषय आहे. मे महिन्यात रजा मिळते, तेव्हा शूट उरकावं असा विचार आहे. ड्रोन भाड्याने घ्यावा का? निवेदनासाठी चांगला व्यावसायिक आवाज शोधतेय. परवानग्यांचं काय?

चिऱ्याचीभिंत:
ड्रोन उडवण्याआधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघा. रत्नागिरीचा विमानतळ तटरक्षक दलाकडे आहे, त्यामुळे त्या बाजूला विशेष जपा. जागा संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व विभागाचं पत्र हवं. सडे बहुतेक खाजगी मालकीचे आहेत, तेव्हा जमीनमालकाला आधी भेटा. कागद नंतर.

गडग्यापलीकडे:
ओवरी, मी याच भागात कॅमेरा घेऊन हिंडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फक्त मे महिन्यात शूट करू नका. मे मधला सडा म्हणजे काळा तापलेला कातळ. तो बघून प्रेक्षक म्हणणार, ओसाड जागा. तोच सडा श्रावणात बघा. जांभ्याच्या खळग्यांत पाणी, त्यात बेडकांची पिल्लं, कडेने सीतेची आसवं आणि गेंद फुललेले, किडे धरणारा दवबिंदू अगदी बोटभर उंचीचा. मातीचा थोडा थर असेल तिथे लोक नाचणी, वरी घेतात, गुरं चरतात, पुढे गवत कापतात. ज्याला सरकारी कागदावर पडीक म्हणतात, त्या जमिनीवर गावाचं वर्ष चालतं. हे चित्रात आलं नाही तर शिल्पं अधांतरी राहतील. त्यामुळे निदान एक फेरी पावसातली आणि एक थंडीतली ठेवाच.

उजेडाचं सांगतो. या रेषा उथळ कोरलेल्या आहेत. दुपारी बाराला समोर उभं राहिलात तरी काही दिसत नाही. सूर्य उगवल्यावर पहिला तासभर आणि मावळण्याआधीचा तासभर, तिरप्या उन्हात खोबणीत सावली भरते आणि आकृती वर येते. अंधार पडल्यावर एखादा एलईडी दिवा जमिनीलगत आडवा धरलात तरी तेच होतं. पण रेषांत खडू किंवा चुना भरू नका. फोटो चांगला यावा म्हणून लोक भरतात, ते बघून जीव तुटतो.

कशेळीचा हत्ती साधारण १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेले आहेत. तो पूर्ण दाखवायला ड्रोनचा एखादा शॉट पुरे. बाकी वेळ कॅमेरा माणसाच्या उंचीवर ठेवा. कोरणाऱ्यानेही तो वरून पाहिलेला नाही. रेषेच्या बाहेरून गावातलं कुणीतरी सावकाश चालत जाऊ दे, आकार आपोआप कळतो.

संहितेत ‘रहस्यमय’ हा शब्द येऊ देऊ नका, अशी कळकळीची विनंती. अमुक हजार वर्षं असं छातीठोक सांगायचंही टाळा. काही शिल्पं मध्याश्मयुगापर्यंत मागे जात असावीत असं अभ्यासक मानतात, पण कालनिश्चितीवर अजून काम चालू आहे. त्यापेक्षा शिल्पांत गेंडा आहे हे दाखवा. आज कोकणात गेंडा नाही. कोरणाऱ्याने तो कुठे पाहिला असेल, हा प्रश्न कुठल्याही विशेषणापेक्षा मोठा आहे.

आणि व्यावसायिक आवाज नको. गुराखी, चिरेखाणीवर (जांभ्या दगडाचे चिरे काढतात त्या खाणीवर) काम केलेली माणसं, त्यांनाच बोलू द्या. चिरेखाणवाल्याला कातळ कुठे मऊ, कुठे कडक हे हाताने कळतं. कोरण्याबद्दल त्याला जे सुचेल ते आपल्याला सुचणार नाही. त्यांची बोली तशीच ठेवा, खाली प्रमाण मराठीत उपशीर्षकं द्या.

मंद्रसप्तक:
आवाजाचं काम करते म्हणून एवढंच. सड्यावर वारा अडवायला झाड नाही. माइकला केसाळ आवरण घालाच, आणि मुलाखत गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, आडोशाला बसून घ्या. प्रत्येक जागी दोन-तीन मिनिटं नुसता तिथला आवाज ध्वनिमुद्रित करा. टिटवी, चंडोल, पाण्याची झुळझुळ. संकलनाच्या वेळी हेच कामी येतं.

ओवरी:
मनापासून आभार. मे मधली रजा अर्धी करून उरलेली ऑगस्टमध्ये घेते. पूर्ण झाल्यावर दाखवायचा कुठे?

गडग्यापलीकडे:
मुंबईचा मिफ्फ हा चित्रपट महोत्सव १९९० पासून माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनपटांसाठी भरतो, तिथे जरूर पाठवा. महोत्सवांना सेन्सॉर प्रमाणपत्रातून सूट मिळते. चित्रपटगृहात तिकीट लावून दाखवायचा तर मात्र प्रमाणपत्र लागतं. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली आहेत, त्यामुळे महाविद्यालयं आणि इतिहास मंडळंही बोलावतील. पण अंतिम संकलन करण्याआधी कच्ची प्रत गावात देवळासमोर पडदा बांधून दाखवा. कुणाचं नाव, नातं, वाडी चुकलं असेल तर तिथेच कळेल आणि दुरुस्त करता येईल. ज्यांनी मुलाखती दिल्या त्यांना एकेक प्रत द्या. ऑगस्टमध्ये येण्याआधी इथेच कळवा, उक्षीला मी सोबत येतो.