रॅपर देवाकडे वळला, तर श्रोत्याने काय करावे?

धरमपेठकर

प्रसिद्धीच्या ऐन भरात रॅपरने धर्माकडे वळणे आता नवलाचे राहिलेले नाही. त्या वळणावर श्रोत्याने विश्वास ठेवायचा तो कशाच्या आधारावर, एवढाच प्रश्न उरतो. माझे मत आधीच सांगून टाकतो. श्रद्धेपायी ज्याला काही सोडावे लागले, त्याची श्रद्धा मी खरी मानतो. जिच्यामुळे गल्ल्यात भरच पडली, ती श्रद्धा मला जाहिरात वाटते.

फ्रान्सची रॅपर दियाम्स घ्या. सायप्रसमध्ये जन्मलेली आणि पॅरिसच्या परिसरात वाढलेली ही मुलगी पुरुषांच्या त्या क्षेत्रात इतकी पुढे गेली की, 2006 मध्ये फ्रान्समध्ये सर्वाधिक खपलेला अल्बम तिचा होता. पुढे तिला नैराश्याने गाठले, मनोरुग्णालयात उपचार घ्यावे लागले, तिने इस्लाम स्वीकारला. आणि 2009 मध्ये एका साप्ताहिकाने डोके झाकलेले तिचे छायाचित्र छापताच, ज्या देशाने तिला डोक्यावर घेतले होते त्याच देशात तिच्यावर टीकेची झोड उठली. त्याच वर्षी तिचा शेवटचा अल्बम आला, आणि त्यानंतर तिने गाणे थांबवले. याउलट अमेरिकन रॅपर कान्ये वेस्टने 2019 च्या जानेवारीपासून दर रविवारी गायकवृंदासह प्रार्थनासभा भरवायला सुरुवात केली, एप्रिलमध्ये ईस्टरच्या दिवशी ती कोचेला या संगीत महोत्सवात नेली, आणि तिथेच 50 डॉलरला मोजे विकायला ठेवले. दोघांना एकाच मापाने कसे मोजावे?

इतवारीवाला

कान्ये 2019 मध्ये अचानक वळला, हे गृहीतकच मला मान्य नाही. 2004 च्या त्याच्या पहिल्याच अल्बममध्ये येशूवरचे गाणे होते, आणि देव सोडून इतर कोणत्याही विषयावरचे गाणे रेडिओवर वाजते अशी तक्रारही त्याने त्यातच केली होती. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये प्रवचनकार एक ओळ फेकतो आणि सभा ती झेलते. त्या वातावरणातून आलेल्या संगीताला देवाचे नाव परके नाही.

राहिला मोज्यांचा मुद्दा. मी दुकानदार आहे, म्हणून बोलतो. ताजबागच्या उरुसात चादरी विकल्या जातात, पंढरपुरात तुळशीच्या माळा विकल्या जातात, तेवढ्याने कोणी भाविक खोटा ठरत नाही. शिवाय तुमच्या दियाम्सवरचा माहितीपट 2022 मध्ये थेट कान चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. तिचा त्यागही अखेर पडद्यावर आलाच ना?

धरमपेठकर

माळ विकणारा आणि प्रवचन देणारा हे पंढरपुरात दोन वेगळे लोक असतात. इथे व्यासपीठही त्याचेच आणि दुकानही त्याचेच. शिवाय त्याच्या 2019 च्या ‘जीझस इज किंग’ या अल्बमला 2021 मध्ये ख्रिस्ती संगीताचा ग्रॅमी मिळाला आणि पुढच्याच वर्षी ज्यूंविषयी त्याने अशी विधाने केली की, आदिदासला त्याच्याशी असलेला करार तोडावा लागला. या श्रद्धेने त्या माणसात नेमके काय बदलले, हे कोणीतरी मला समजावून सांगावे.

खंजिरी

तुम्ही दोघांनी ‘सोडणे’ आणि ‘विकणे’ एवढ्या दोनच वाटा धरल्या आहेत, आणि आपल्या भाषेतली तिसरी वाट दोघांनाही आठवली नाही, याचे आश्चर्य वाटते. सोलापूरचा रामजोशी पेशवाईच्या उत्तरकाळातला तमाशाचा बिनीचा शाहीर. त्याने पुढे डफ खाली ठेवला आणि कीर्तनात उभा राहून मोरोपंतांच्या आर्या गावोगाव पोहोचवल्या. संगमनेरच्या अनंत फंदीबद्दलही असेच सांगतात की, अहिल्याबाईंच्या शब्दाखातर त्याने तमाशा सोडून कीर्तन धरले. फडात कमावलेली शब्दांची फेक आणि हजरजबाबीपणा या दोघांनी फेकून दिला नाही. तो सोबत घेऊनच ते कीर्तनात गेले. आणि ज्यांचे नाव आपल्या नागपूर विद्यापीठाला आहे, त्या तुकडोजी महाराजांनी तर खंजिरी भजनांतून असे काही पेटवले की, 1942 मध्ये इंग्रजांनी त्यांना तुरुंगात टाकले.

रॅपरची अडचण मात्र वेगळी आहे, असे मला वाटते. रॅप उभाच राहतो तो ‘मी’वर: माझी गल्ली, माझे वैरी, माझे नाव, तेही पहिल्याच ओळीत ओरडून सांगितलेले. अभंगातही कवीचे नाव येते, पण ते शेवटी येते आणि कुणापुढे तरी वाकलेले असते. (शाहिराच्या लावणीतले नाव या दोहोंच्या मधले, ते शेवटी आले तरी मिशीला पीळ देऊनच येते.) श्रद्धा आल्यावर रॅपरने आपले नाव कुठे ठेवले, हे मी पाहतो. मोज्यांची किंमत पाहत नाही.

इंदोरा चौक

खंजिरी यांचा प्रतिसाद वाचनीय आहे, पण त्यात एक गोष्ट गुपचूप आत आली आहे. तमाशातून कीर्तनात गेला म्हणजे माणूस वर चढला, असे आपण किती सहज धरून चालतो! तमाशा कोणी जगवला आणि कीर्तनाला मान कोणी दिला, हे या शहरात सांगायची गरज पडू नये. ‘रॅपर सुधारला’ या कौतुकामागेही मला तोच वास येतो: वस्तीतले गाणे हलके, प्रार्थना भारदस्त.

दुसरे असे की, धर्माकडे वळणे ही एकेकट्याच्या अंतःकरणातली घडामोड आहे, असे तुम्ही सगळेच मानता. 14 ऑक्टोबर 1956 ला याच नागपुरात लाखोंनी एकत्र दीक्षा घेतली, आणि त्यामुळे गाणे थांबले नाही, उलट वाढले. आंबेडकरी जलसे आधीपासून होतेच. आता बुद्धही गाण्यात आले. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीच्या रस्त्याने चालून पाहा. पुस्तकांच्या दुकानांना खेटून भीमगीतांची दुकाने असतात, एका भोंग्यातले कडवे संपायच्या आत पुढच्या भोंग्यातला कोरस अंगावर येतो, आणि खेड्यातून आलेली बाई गर्दीत थांबून नेमके हवे ते गाणे पेनड्राइव्हमध्ये भरून घेते. त्या गाण्यांत ‘मी पवित्र झालो’ असे नसते. ‘आम्ही माणूस झालो’ असे असते. रॅपर वळला तेव्हा त्याने सोबत कोणाला नेले, हे मी विचारीन.

खंजिरी

तमाशाविषयीचा तुमचा आक्षेप रास्त आहे, तरी एक फरक लक्षात घ्यावा. हैदराबादच्या रॅपर रुहान अर्शदने संगीत धर्माला धरून नाही असे म्हणून ते सोडले, तेव्हा त्याच्या गाण्याला कमी लेखणारा कोणी मोरोपंत नव्हता. तो निवाडा त्याचा त्यानेच दिला. त्याच्यावर आपण कोणता आरोप ठेवणार?

इंदोरा चौक

आरोप नाही. निवाडा त्याचा असला तरी कायदा त्याने केलेला नव्हता, एवढेच म्हणतो.

मेडिकल चौक

कोणाची श्रद्धा खरी, याचा पंचनामा करण्याआधी या मंडळींचे काय झाले होते तेही पाहावे. अमेरिकन रॅपर एमसी हॅमरच्या 1990 च्या अल्बमच्या एक कोटीहून अधिक प्रती गेल्या आणि 1996 मध्ये त्याने दिवाळे जाहीर केले. तो पुढे धर्मोपदेशक झाला. तिथल्याच मेस या रॅपरने 1999 मध्ये ऐन उमेदीत संगीत सोडून चर्च धरले आणि 2004 मध्ये तो पुन्हा गायला आला, तेव्हा ढोंगी म्हणून त्याला हसणे सोपे होते. विशीत आलेला पैसा, भोवतीची हुजऱ्यांची फौज आणि झोपेचा पत्ता नाही, अशा अवस्थेत आधार शोधणाऱ्याकडे पुरावा मागण्याचा हक्क आपल्याला तिकीट काढल्याने मिळतो का? दियाम्सच्या बाबतीत तर धरमपेठकरांनी तिचा आजार एका वाक्यात उरकून थेट त्यागावर उडी मारली.

धरमपेठकर

आजाराला मी कमी लेखत नाही. परंतु जो स्वतःची श्रद्धा व्यासपीठावरून मांडतो, त्याच्या मांडणीवर बोलण्याचा अधिकार ऐकणाऱ्याला राहतोच. मेस परतला म्हणून मी हसणार नाही. तो चर्चच्याच भाषेत गाणे विकायला लागला असता, तर बोललो असतो.

इतवारीवाला

मग अमेरिकन रॅपर लेक्रेचे काय करायचे? त्याने प्रसिद्धीच्या कितीतरी आधी ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली, पहिल्यापासून तीच गायली, तीच विकली, आणि 2014 मध्ये त्याचा अल्बम अमेरिकेतल्या अल्बमच्या खपाच्या बिलबोर्ड यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आला. धरमपेठकरांच्या मापाने तो जाहिरातदार ठरतो. आणि इतका वेळ आपण भांडतो आहोत, तरी तो कुठे वळला नाही म्हणून त्याचे नावही कोणी घेतले नव्हते.