मदत हवी आहे: भिंतीला न ठोकता रिलोडिंगचं (वापरलेली काडतुसं पुन्हा भरायचं) बेंच स्थिर कसं करावं?

टेक्सासमध्ये भाड्याच्या घराच्या गॅरेजात .३०८ विंचेस्टर या रायफलच्या काडतुसासाठी सिंगल-स्टेज प्रेस (एका वेळी एकच काम करणारं, हँडलने दाबायचं यंत्र) बसवलाय. भिंतीत भोकं पाडायला परवानगी नाही, त्यामुळे स्टडमध्ये (भिंतीतल्या उभ्या लाकडात) लॅग बोल्ट हा एरवीचा सोपा उपाय बाद.

बेंच ४ फूट बाय २ फूट, उंची ३६ इंच. पाय ४×४च्या लाकडाचे, वर पाऊण इंची प्लायचे दोन थर ग्लू-स्क्रूने जोडलेले. प्रेस डाव्या पुढच्या पायालगत, आरपार बोल्ट, खालून पोलादी पट्टी. फळी अजिबात लवत नाही. पण फुल-लेंग्थ साइझिंगला (केस, म्हणजे काडतुसाची रिकामी पुंगळी, डाय या साच्यात दाबून पूर्ण लांबीभर मापात आणताना) हँडल खाली दाबलं की सगळं बेंच पुढे झुकतं, केस डायमधून ओढताना मागे जातं. ल्यूब (केसला लावायचं वंगण) वाढवून जोर कमी होतो, पण जास्त झालं की केसच्या खांद्यावर खळगे पडतात, म्हणून तो मार्ग नको.

मागे प्लायची पाठ लावली. आडवं डुलणं गेलं. खालच्या फळीवर वाळूची पोती ठेवली, तेव्हा पाय उचलणं थांबलं. पुढे-मागे हलणं मात्र तसंच आहे, आणि बंदुकीची दारू मोजायचा बीमचा (दांडीचा) तराजू त्याच बेंचवर असल्याने दांडी लवकर स्थिरावत नाही (तराजू वेगळ्या स्टँडवर हलवणारच आहे). फरशी दाराकडे उतरती, पुढच्या पायांखाली लाकडी पाचरी आहेत.

दोन्ही बाजूंना अर्धा इंची प्लाय पूर्ण उंचीचा लावावा, की कोपऱ्यांत १२ इंची त्रिकोणी गसेट (कोपरा ताठ ठेवणारे तुकडे) पुरतील? आणि पाचरींऐवजी स्क्रूचे लेव्हलिंग पाय घातले तर एवढ्या जोराला ते टिकतात का?