मुंबई ते नेवार्क: तिकिटावर साडेसहा तास, विमानात सोळा

*बी-203:* नमस्कार मंडळी. जुलैत आम्ही दोघं लेकीकडे न्यू जर्सीला निघालोय. तिकिटावर मुंबईहून रात्री 1:30 ला सुटून त्याच दिवशी सकाळी 8 ला नेवार्क (न्यूयॉर्कजवळचा विमानतळ) असं दिसतंय. येताना मात्र पूर्ण 24 तास! छपाईची चूक आहे का?

*सी-704:* नाही काकू, बरोबर आहे. वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाप्रमाणे असतात. जुलैत तिकडचं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे. म्हणून जाताना साडेसहात साडेनऊ मिळवा, झाले 16. येताना 24 मधून साडेनऊ वजा करा, साडेचौदा.

*ए-101:* पण अंतर तर तेच. मग दीड तासाचा फरक कसा?

*सी-704:* वाऱ्यामुळे, काका. नऊ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीशी असतात. अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर, पण तेही सर्वांत जवळच्या वाटेचं. पृथ्वीगोलावर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून बघा, तो रशिया-नॉर्वेच्या बाजूने वर जातो. प्रत्यक्षात विमान तसं जाईलच असं नाही. पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा कितीतरी विमानांना वळसा पडला. त्यामुळे किलोमीटर बघून वेळ काढू नका.

*ए-502:* आम्हीही बोस्टनऐवजी आधी न्यूयॉर्कला जाणार आहोत. दुबईमार्गे स्वस्त मिळतंय. पण फार लांबून पडेल ना?

*सी-704:* अंतराने नाही हो, ताई. मुंबई-दुबई 1,930 च्या आसपास, दुबई-न्यूयॉर्क 11,000. म्हणजे थेटपेक्षा जेमतेम 400 किलोमीटर जास्त. वेळ खातो तो मधला थांबा. दोन-अडीच तासांचा असेल तर पहिलं विमान उशिरा आलं की धावपळ, आणि आठ-नऊ तासांचा असेल तर रात्रभर खुर्चीत. मला विचाराल तर साठीपुढच्यांनी थेटच जावं. पैसे वाचतात, पण गुडघे आणि पाठ त्याची किंमत मोजतात. थांबा अमेरिकेतल्याच दुसऱ्या शहरात असेल तर आणखी लक्ष द्या. इमिग्रेशन तिथेच होतं, बॅगा उचलून कस्टममधून न्याव्या लागतात आणि पुन्हा जमा कराव्या लागतात.

*डी-301:* काकू, 16 तास बसून राहू नका. मधल्या वाटेलगतची सीट घ्या, म्हणजे कोणाला न उठवता दर दीड-दोन तासांनी फेरी मारता येईल. बसल्या जागी पावलं वर-खाली करत राहा, पाणी पीत राहा. एवढा वेळ हलला नाहीत तर पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका असतो. काकांच्या पायाला आधीच सूज असते, म्हणून घट्ट मोजे लागतील का हे डॉक्टरांना विचारा. गोळ्या प्रिस्क्रिप्शनसकट हातातल्या बॅगेत.

*बी-203:* बरं झालं विचारलं. यांची रक्तदाबाची गोळी सकाळी 8 ची असते. ती आपल्या 8 ला की तिकडच्या?

*डी-301:* हेही डॉक्टरांकडूनच लिहून घ्या, भारतीय वेळेसकट. आणि व्हीलचेअर आत्ताच बुकिंगमध्ये घाला, विमानतळावर जाऊन मागू नका.

*बी-203:* आज संध्याकाळीच फोन करते. दोघांसाठी सांगू की यांच्या एकट्यासाठी?

*डी-301:* दोघांसाठी, काकू. इमिग्रेशनच्या रांगेत तुम्हालाही तासभर उभं राहावं लागू शकतं.